दहा खाचांची फळी

बौद्धिक अक्षमतेची तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या कपाटात एक लाकडी फळी बहुधा असतेच. तिच्यात दहा खाचा कोरलेल्या असतात. गोल, चौकोन, त्रिकोण, आयत, चांदणी, अधिकचं चिन्ह, अर्धगोल, लंबगोल, षट्कोन आणि शंकरपाळीचा आकार. दहाही ठोकळे बाहेर काढायचे, मुलासमोर तीन चळतींत रचायचे आणि सांगायचं, ‘जमेल तेवढ्या लवकर ज्याच्या त्याच्या जागी बसव.’ मग स्टॉपवॉच सुरू होतं. असं तीनदा करायचं, तिन्हींतला सगळ्यांत कमी वेळ धरायचा आणि तक्त्यात बघून मुलाचं मानसिक वय काढायचं. शेजारच्या खुर्चीवर आई बसलेली असते. षट्कोन हातात घेऊन मुलगा थबकला की तिची बोटंही आपसूक पुढे येतात. पण मदत करायची नाही, असं तिला आधीच बजावलेलं असतं.

या फळीला ‘सेग्विन फॉर्म बोर्ड’ म्हणतात. शोधून काढली तेव्हा ती वेळ मोजण्यासाठी नव्हतीच. आईनं किंवा शिक्षकानं हात पुढे करावा, मुलाचा हात धरून तो खाचेपर्यंत न्यावा, मग हळूच सोडून द्यावा, यासाठी ती होती. मोजायला ती पुढे सत्तरएक वर्षांनी लागली, आणि त्यानंतर मूळचं काम कितीतरी काळ मागे पडलं. फळीचा हा प्रवास बघताना, बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना समाजानं कधी आपल्यात घेतलं आणि कधी कुंपणाआड ठेवलं, तेही दिसत जातं.

सुरुवात होते फ्रान्समध्ये. जानेवारी १८०० मध्ये अ‍ॅव्हेरॉन भागातल्या सँ-सेर्नँ गावात साधारण बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. तो रानात एकटाच वाढलेला, अंगावर व्रण असलेला आणि एक शब्दही न बोलणारा होता. त्याच वर्षी त्याला पॅरिसला आणलं. वेड्यांच्या बेड्या काढल्या म्हणून ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं त्या फिलिप पिनेल यांनी त्याला तपासलं आणि हा जन्मजात मतिहीन आहे, याला शिकवून उपयोग नाही, असा निर्वाळा दिला. मूकबधिरांच्या संस्थेतल्या जाँ-मार्क इतार या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरला हे पटलं नाही. त्यानं मुलाचं नाव व्हिक्टर ठेवलं आणि पुढची पाच-सहा वर्षं त्याला शिकवण्यात घातली.

इतारनं एका पाटीवर तीन रंगीत कागद चिकटवले: लाल गोल, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन. त्याच आकाराचे, त्याच रंगांचे पुठ्ठे कापून त्यांना मधोमध भोक पाडलं. पाटीवर खिळे होते. पुठ्ठा काढायचा आणि जुळणाऱ्या कागदावर परत अडकवायचा. व्हिक्टरला हे जमलं की इतार रंग बदले, मग आकार एकमेकांजवळचे करी, आणि अखेर आकारांच्या जागी अक्षरं आली. फळीचा पूर्वज तो हाच.

पण इतारच्या अहवालातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी नोंद शिकवणीच्या खोलीबाहेरची आहे. व्हिक्टर रोज संध्याकाळी मादाम गेरँ या सांभाळणाऱ्या बाईंबरोबर एका ओळखीच्यांच्या घरी दूध प्यायला जायचा. ‘दूध’ या फ्रेंच शब्दाची चार अक्षरं जुळवायला तो नुकताच शिकला होता. एके दिवशी निघताना कुणी न सांगता त्यानं ती चार अक्षरं खिशात टाकली आणि त्या घरी पोचल्यावर टेबलावर ओळीनं मांडली. आणखी एक प्रसंग आहे. मादाम गेरँचे पती वारले तेव्हा जेवणाचं टेबल मांडणं हे व्हिक्टरचं काम होतं. सवयीनं त्यानं त्यांचंही ताट मांडलं. बाईंना रडू फुटलेलं पाहिल्यावर त्यानं ते ताट उचलून कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधी मांडलं नाही.

व्हिक्टर बोलायला शिकला नाही म्हणून इतारनं आपला प्रयोग फसला असं मानलं. व्हिक्टर पुढे मादाम गेरँकडेच राहिला आणि १८२८ मध्ये वारला. इतारचे अहवाल शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत गेले. त्या बाईंनी इतकी वर्षं एका माणसाला घरात माणसासारखं वागवलं, याबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. आधाराच्या कामाचा इतिहास लिहायचा तर मी पहिलं पान त्यांना देईन.

इतारच्या अखेरच्या काळात एदुआर सेग्विन नावाचा तरुण त्याच्याकडे आला. १८३७च्या सुमारास त्यानं एका मुलापासून सुरुवात केली. १८४२ मध्ये बिसेत्रच्या आश्रमातल्या मुलांना शिकवायचं काम त्याला मिळालं, पण तिथल्या डॉक्टरांशी त्याचं पटलं नाही आणि तो बाहेर पडला. १८४६ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं असं, की आधी स्नायू, मग इंद्रियं आणि मग विचार. ज्या मुलाला चमचा धरता येत नाही त्याच्यासमोर मुळाक्षरं ठेवून काय होणार? म्हणून शिडी, हातगाडी, कुदळ, करवत, बागेतलं खोदकाम हे सगळं त्याच्या अभ्यासक्रमात होतं. इतारच्या पाटीवरचे कागद सेग्विननं लाकडात उतरवले आणि त्यांना खाच दिली. हा बदल लहान दिसतो, पण कागदावर कागद ठेवला की बरोबर की चूक ते दुसऱ्यानं सांगावं लागतं. खाचेत ठोकळा बसला नाही तर ते हातालाच कळतं. रागावणारं, मान हलवणारं कुणी मध्ये लागत नाही. चूक सुधारायची सोय साधनातच होती.

फ्रान्समध्ये १८४८ची क्रांती झाली आणि त्यानंतर सेग्विन अमेरिकेला गेला. तिथे त्याच्या विचारांची पेरणी आधीच झाली होती. अंधांसाठी काम करणाऱ्या सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी १८४८ मध्येच बॉस्टनला दहा मुलांची प्रायोगिक शाळा उघडली होती. मुलांना काही वर्षं शिकवायचं आणि त्यांच्या घरी, त्यांच्या गावात परत पाठवायचं, हा हेतू होता. १८६६ मध्ये बटाव्हिया इथे अंधांच्या एका संस्थेची कोनशिला बसवताना केलेल्या भाषणात हाउनी सावध केलं होतं, की एकाच तऱ्हेच्या माणसांना एका आवारात कोंडून ठेवू नका. इतकी वर्षं संस्था चालवलेल्या माणसाचा हा इशारा होता, पण तो कुणी मनावर घेतला नाही. पुढच्या पन्नास वर्षांत शाळांच्या वसाहती झाल्या. शेकडो, मग हजारो माणसं आत गेली आणि आतच म्हातारी झाली. सेग्विननं मुलाचं अंग मोकळं व्हावं म्हणून दिलेली कुदळ संस्थेच्या शेतीत फुकट राबण्यासाठी कामी आली. धोबीघर, स्वयंपाक, गोठा, स्वतःहून जास्त अक्षम असलेल्यांना भरवणं-धुणं ही सगळी कामं तिथले रहिवासीच करत. त्यांना मजुरी द्यायला हवी, हे अमेरिकेतल्या न्यायालयाकडून वदवून घ्यायला १९७३ साल उजाडलं.

इथून फळीच्या दोन वाटा होतात.

एक वाट रोमला गेली. मारिया माँटेसरी ही तरुण डॉक्टर वेड्यांच्या रुग्णालयात ठेवलेल्या मतिमंद मुलांकडे बघत होती. मुलांना औषधापेक्षा शिक्षण हवं आहे, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं इतार आणि सेग्विन वाचलेच, शिवाय त्यांचं लेखन स्वतःच्या हातानं इटालियनमध्ये उतरवून काढलं. १९००च्या सुमारास दोनेक वर्षं ती अशा मुलांच्या शाळेत राबली. तिची काही मुलं सर्वसाधारण शाळेच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. लोक चमत्कार म्हणू लागले. तिला प्रश्न पडला तो उलटा: माझी मुलं इथवर पोचू शकतात, तर धडधाकट मुलांच्या शाळा त्यांना एवढ्याशा पायरीवर का थांबवतात? १९०७ मध्ये सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिनं पहिलं बालगृह उघडलं. सेग्विनच्या खाचा तिथे आल्या, मुठी लावलेल्या लहानमोठ्या दंडगोलांच्या रूपात.

ही वाट आपल्या अंगणापर्यंत येते. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या. महागडी इटालियन साधनं वारली मुलांच्या पाड्यात चालणार नाहीत हे ओळखून त्यांनी बिया, दगड, पानं, शिंपले यांतून साधनं घडवली. स्वतः माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे कितीतरी वर्षं इथेच राहिल्या. आज महाराष्ट्रातल्या बालवाडीत एखादं पोर खाचेत ठोकळा बसवतं तेव्हा ते सुमारे एकशे ऐंशी वर्षांपूर्वी बिसेत्रच्या आश्रमातल्या, जगानं टाकून दिलेल्या मुलांचा धडा गिरवत असतं. धडधाकट मुलांच्या शिक्षणावर त्या मुलांचं हे ऋण आहे. आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बालवाडीत घ्यायला आपण अजूनही कां-कू करतो, याचा मला राग येतो तो या ऋणामुळेच.

दुसरी वाट न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड या गावी गेली. तिथल्या मतिमंद मुलांच्या प्रशिक्षण शाळेत १९०६ मध्ये हेन्री गोडार्ड संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी युरोपातून आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापन चाचणी आणली. बिने यांनी ती केली होती पॅरिसच्या शाळांत कुणाला जास्त मदत लागेल हे शोधण्यासाठी. बुद्धी ठरीव असते, वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर ते चिडत असत. गोडार्डनी चाचणी घेतली आणि ही चीड मागे ठेवली. सेग्विनची फळीही त्यांनी घेतली आणि १९१२ मध्ये ‘बौद्धिक वाढीचं माप’ म्हणून तिच्यावर लिहिलं. आता फळीसमोर मूल एकटं होतं, आणि शिक्षकाच्या हातात घड्याळ होतं.

त्याच वर्षी गोडार्ड यांचं ‘कॅलिकॅक’ घराण्यावरचं पुस्तक आलं. एका कुटुंबात मतिमंदपणा पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो हे त्यात रंगवलेलं होतं. पुढे त्यातला पुरावा पोकळ निघाला, पण तोवर नुकसान होऊन गेलं होतं. जहाजातून उतरणाऱ्या परदेशी लोकांच्या बुद्धीची परीक्षा न्यूयॉर्कच्या बंदरातच होऊ लागली. सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले आणि १९२७ मध्ये ‘बक विरुद्ध बेल’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यावर शिक्का मारला. अशा कायद्यांखाली साठ हजारांवर माणसांची नसबंदी झाली. गोडार्ड १९२८ मध्ये स्वतःच मागे फिरले. या माणसांना शिकवता येतं आणि त्यांना कोंडून ठेवायची गरज नाही, असं त्यांनी मान्य केलं. कायदे मात्र राहिले.

या वाटेचंही एक टोक महाराष्ट्रात येतं. बिनेच्या चाचणीचं मराठी आणि कन्नड रूप १९३०च्या दशकात धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तयार केलं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही तपासणीच्या अहवालांवर असतं. व्हाइनलँडच्या त्याच संस्थेत एडगर डॉल यांनी रोजच्या व्यवहारातली क्षमता बघणारी मोजपट्टी बनवली आणि नागपूरच्या डॉ. ए. जे. मलिन यांनी ती भारतीय मुलांसाठी बसवून दिली. गोंदियाच्या किंवा परभणीच्या एखाद्या मुलीच्या फाइलमध्ये न्यू जर्सीतल्या एका छोट्या गावाचं नाव असतं ते असं.

मोजणी वाईटच, असं मला म्हणायचं नाही. डॉलची मोजपट्टी आईला विचारते: स्वतःच्या हातानं जेवतो का, बटणं लावतो का, एकटा दुकानात जातो का? नीट वापरली तर पुढे काय शिकवायचं याची यादीच तिच्यातून हाती येते. प्रमाणपत्राशिवाय एसटीची सवलत मिळत नाही, राष्ट्रीय न्यासाचा एक लाखाचा ‘निरामय’ विमा मिळत नाही, अठरा वर्षांनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यायचं तर तेही अडतं. कागद हवाच. दुखणं एवढंच आहे, की बहुतेक घरांत फाइल त्या आकड्याशी थांबते. आकडा कळला, मूल कुठवर जाईल ते ठरलं, आता कशाला धडपड करायची, असं नातेवाईकही म्हणतात आणि कधीकधी शिकलेले लोकही.

हा समज खोटा आहे हे दाखवणारे दोन प्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत. दोन्हींत सायकलचे सुटे भाग होते. फळीच्या इतिहासातला मला सगळ्यांत प्रिय भाग हाच आहे.

पहिला इंग्लंडमधला, एप्समच्या मॅनर रुग्णालयातला. तिथे वर्षानुवर्षं ठेवलेल्या, बुद्ध्यंक फार खाली नोंदलेल्या काही तरुणांना अ‍ॅलन क्लार्क आणि बिआटे हर्मेलिन यांनी कामं दिली: ठरावीक लांबीची वायर कापणं, टीव्हीच्या प्लगला रंग बघून तारा डाखणं, सायकलचा पंप क्रमानं जोडणं. सुरुवातीला माणसं इतकी संथ होती की कुणीही हात टेकले असते. काही आठवड्यांनी त्यांनी वेग पकडला. १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या संशोधकांनी मांडलं, की या माणसांच्या पहिल्या दिवसाच्या कामावरून ती शेवटी कुठे पोचतील हे सांगता येत नाही. त्याच सुमारास जॅक टिझार्ड आणि त्यांचे सहकारी पुठ्ठ्याची खोकी घडी करण्याच्या कामावर हेच अनुभवत होते. फॉर्म बोर्डाच्या चाचणीत फक्त तीन फेऱ्या असतात. चौथ्या, चाळिसाव्या, चारशेव्या फेरीत काय होतं हे या लोकांनी थांबून पाहिलं.

दुसरा प्रयोग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क गोल्ड यांचा. ते आधी विशेष मुलांच्या वर्गावर शिकवत. १९७२ मध्ये त्यांनी चार संरक्षित कार्यशाळांमधल्या, म्हणजे अपंगांसाठी वेगळ्या चालवलेल्या कामाच्या जागांमधल्या, ६४ जणांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला. आधी १५ भागांचा, मग २४ भागांचा. कार्यशाळांत ही माणसं तोवर पिशव्या भरणं, वस्तू वेगळ्या करणं असली कामं करत होती. गोल्डनी काम बारीक तुकड्यांत फोडलं. प्रत्येक सुट्या भागासाठी ट्रेमध्ये क्रमानं खण केले. काही जणांना दिलेल्या भागांची वर यायला हवी ती बाजू लाल रंगवली. चुकलं तर ‘नाही’ न म्हणता ‘वेगळ्या तऱ्हेनं करून बघ’ एवढंच सांगायचं. सारखी शाबासकी द्यायची नाही, फार बोलायचंही नाही. जवळजवळ सगळे शिकले. न शिकण्याची जबाबदारी गोल्डनी शिकवणाऱ्यावर टाकली. १९८२ मध्ये ऐन उमेदीत त्यांचं निधन झालं.

रंगवलेली बाजू, खणांचा क्रम, हातालाच कळणारी चूक ही सगळी इतार आणि सेग्विन यांची युक्ती. त्यात मोजणी होती तीही धडा कधी बदलायचा हे कळण्यापुरती. १८४६ मध्ये छापून झालेली गोष्ट १९५५ मध्ये नव्यानं सापडावी लागली आणि १९७२ मध्ये पुन्हा. मधल्या काळात कुंपणाआड आयुष्य गेलेल्या माणसांना ही किंमत मोजावी लागली.

आपल्याकडे ही वाट पालकांनी पाडली. १९४४ मध्ये मुंबईत होरमसजी आणि जेरबाई वकील या पारशी दांपत्यानं आपल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. तीच आजची शिवडीची जय वकील संस्था. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशींनी कामायनी उभी केली. नाशिकमध्ये रजनी लिमये या आईनं १९७७ मध्ये प्रबोधिनी सुरू केली. पहिली पिढी शाळेची होती. मग ती मुलं अठरा वर्षांची झाली आणि शाळेचं दार बंद झालं. घरी बसलेला मुलगा शिकलेलं विसरतो, वजन वाढतं, चिडचिडा होतो, आणि त्याच्याबरोबर आईही घरात अडकते. म्हणून शाळांच्या पोटी कार्यशाळा जन्मल्या, आणि कार्यशाळेतला शिक्षक ‘निदेशक’ झाला.

या कार्यशाळांत काय बनतं ते मराठी गिऱ्हाईकाला ठाऊक असतं. दिवाळीआधी पणत्या, उटणं आणि आकाशकंदील, श्रावणात राख्या, लग्नसराईत आहेराची पाकिटं, एरवी फिनेल, खडू, मेणबत्त्या, फायली, द्रोण, पायपुसणी. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकवर बंदी आली तेव्हा कागदी आणि कापडी पिशव्यांना मागणी आली. शाळांतून फळे पांढरे झाले तसा खडूचा खप गेला. निदेशकाला बाजार बघावाच लागतो.

पण कार्यशाळेत टेबलावर काय असतं ते गिऱ्हाईकाला दिसत नाही. पाकीट करायचं तर पुठ्ठ्याचा एक साचा असतो. कागद त्यावर ठेवला की कडा कुठवर दुमडायची ते साचाच सांगतो. खळ लावताना ती पसरू नये म्हणून वर दुसरा पुठ्ठा ठेवायचा, त्याला पट्टीएवढीच फट. एकजण फक्त दुमडतो, दुसरी फक्त चिकटवते, तिसरा वाळलेली पाकिटं दाबून ठेवतो. आणि मोजणारा? त्याला दहापर्यंत मोजता येत नाही, तरी त्याचा गठ्ठा कधी चुकत नाही. त्याच्यासमोर पुठ्ठ्यावर दहा गोल काढलेले असतात. प्रत्येक गोलावर एक पाकीट. सगळे गोल झाकले की गोळा करायचे आणि रबर लावायचं. दहा खाचांच्या फळीचंच हे रूप. एका टेबलावर दहा खाचा त्याची बुद्धी मोजत होत्या, इथे दहा गोलांच्या मदतीनं तो स्वतः माल मोजतो.

एवढं कौतुक करून मी थांबलो तर ते अर्धंच होईल. कार्यशाळेच्या खाली एक जुना, अवघड प्रश्न दबलेला आहे, तो मजुरीचा. अमेरिकेनं १९३८च्या श्रम कायद्यात कलम घातलं, की अपंग कामगाराला परवाना घेऊन किमान वेतनापेक्षा कमी पैसे देता येतील. आपल्या १९४८च्या किमान वेतन कायद्यातही तरतूद आली, की सरकार ठरवेल त्या अटींवर अपंग कामगारांना हा कायदा लागू न करता येईल. हेतू चांगला असेल, काम मिळावं हाच असेल. पण अशी फट कुठवर जाते ते आयोवा राज्यातल्या अ‍ॅटालिसा गावानं दाखवलं. तिथे बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष जुन्या शाळेच्या इमारतीत राहत आणि टर्की पक्ष्यांच्या कारखान्यात धडधाकट कामगारांच्या बरोबरीनं राबत. हातात महिन्याला ६५ डॉलर पडत. हे तीसेक वर्षं चाललं आणि २००९ मध्ये उघडकीला आलं. २०१३ मध्ये ज्यूरीनं ३२ जणांना मिळून २४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. कायद्यातल्या कमाल मर्यादेमुळे ती सोळा लाखांवर आली.

आपल्या कार्यशाळांची गोष्ट निराळी आहे. तिथे नफा खाणारा मालक नसतो, उलट महिना भागवताना विश्वस्तांची दमछाक होते. मुलांना विद्यावेतन म्हणून जे मिळतं ते विक्रीतून उरलेलं असतं, आणि पहिल्या पाकिटाचे पैसे आईच्या हातावर ठेवणाऱ्या मुलाच्या आनंदाला मी लहान मानत नाही. तरीही तिशी उलटलेल्या माणसाला ‘मुलगा’ म्हणत राहणं, त्याच्या आठ तासांच्या कामाला ‘गुंतवून ठेवणं’ म्हणणं आणि त्याच्या पाकिटाला बाजारापेक्षा चार रुपये जास्त देऊन आपण पुण्य केलं असं समजणं हे बदलायला हवं. पाकीट चांगलं असेल तर बाजारभावानं, पण हजारांच्या संख्येनं आणि वर्षभर घ्यावं. कार्यशाळेला सर्वांत जास्त गरज नियमित ऑर्डरची असते.

पालकांच्या बैठकीत मजुरीहूनही जास्त बोललं जातं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल: आमच्या पश्चात याचं काय? त्या काळजीतून बदलापूरचं ‘आधार’ उभं राहिलं, डोंबिवलीजवळ खोणीचं ‘घरकुल’ झालं. मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात १९९४ पासून ‘साधना व्हिलेज’ आहे. तिथे प्रौढ माणसं घरासारख्या घरात राहतात आणि आजूबाजूच्या गावाशी संस्थेचा राबता आहे. हाउनी १८६६ मध्ये ज्याची भीती घातली होती ती मोठी वसाहत होऊ द्यायची नसेल, तर घरं लहान ठेवावी लागतात आणि गावाला आत येऊ द्यावं लागतं. हे महाग पडतं आणि दमवणारं आहे. तरी ज्या पालकांनी हे केलं त्यांच्याकडून शासनानं शिकावं असं पुष्कळ आहे.

कार्यशाळेच्या भिंतीबाहेरचा रस्ता परदेशात १९८०च्या दशकात सुरू झाला. आधी वर्षानुवर्षं तयारी आणि मग नोकरी, हा क्रम तिथे उलटा केला. आधी खऱ्या जागी खरी नोकरी मिळवायची आणि शिकवणारा तिथेच बरोबर न्यायचा. तो ‘जॉब कोच’. १९८६ मध्ये अमेरिकी कायद्यानं त्यासाठी पैसे ठेवले आणि व्हरमाँट राज्यानं २००२ मध्ये शेवटची संरक्षित कार्यशाळा बंद केली. आपल्याकडे १९९५च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखीव ठेवल्या, पण त्यांत बौद्धिक अक्षमतेला जागाच नव्हती. ती २०१६च्या कायद्यानं दिली. चार टक्क्यांतला एक टक्का, तोही स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार असलेल्यांबरोबर वाटून. त्यातही भरतीच्या बहुतेक वाटा लेखी परीक्षेतून जात असल्यानं, जो हातानं दाखवू शकतो पण लिहून सांगू शकत नाही, त्याला ही जागा लांबच राहते.

खासगी प्रयत्न पुढे निघाले आहेत. मुंबईत जुहूला २०१८ मध्ये ‘अर्पण’ कॅफे उघडलं. तिथे स्वयंपाकघरापासून गिऱ्हाइकाच्या टेबलापर्यंत विकासात्मक अक्षमता असलेली प्रौढ मंडळी काम करतात आणि समोर बसलेला माणूस पैसे देऊन खायला आलेला असतो. अशा ठिकाणी साचा निराळा होतो. सँडविच करण्याच्या पायऱ्यांचे फोटो ओट्यासमोर लावता येतात, मसाल्यांच्या डब्यांना रंग देता येतात, मोबाइलचा गजर पुढच्या कामाची आठवण करतो. काम शिकवायची युक्ती आता आपल्याला नीट ठाऊक आहे.

ज्याला अजून साचा सापडलेला नाही ते कामाच्या आजूबाजूचं आहे. काम जमलं नाही म्हणून जितक्या नोकऱ्या सुटतात, निदान तितक्याच भोवतालच्या गोष्टींमुळे सुटतात. रोजची बस चुकली आणि पुढची कोणती ते कळलं नाही. डब्याच्या सुट्टीत कुणी शेजारी बसवून घेतलं नाही. कुणी थट्टा केली ती खरीच वाटली. साहेबानं ‘हे कसं करतोस बाबा’ म्हटलं ते रागावणं होतं की सहज, हे उमगलं नाही. म्हणून चांगला जॉब कोच पहिल्या आठवड्यात दोघांना शिकवतो: नव्यानं कामाला लागलेल्याला, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला.